‘ता’च्या अलीकडे, ‘जा’च्या पलीकडे

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. महाडपासून आत असलेल्या मामीच्या गावी भातकापणी चालू होती. रात्री जेवणं आटोपल्यावर मामीचा नातू बोटाएवढी बॅटरी घेऊन आला. म्हणाला, “आत्या, चल, विंचू दाखवतो.” त्याने अंगणातला दिवा मालवला आणि मला परसदारच्या गडग्यापाशी न्यायला निघाला. मामी आतून ओरडली, “चपला झटकून घाला गं!”

बॅटरीचा उजेड म्हणजे नुसती जांभळट झाक. जांभ्याचे दगड त्यात जेमतेम दिसत होते. पोराने ती झाक फटींवरून सावकाश फिरवली आणि एका फटीत हिरवा-निळा विंचू पेटल्यासारखा दिसला. नांगीचं पेरन् पेर मोजून घ्यावं इतका स्पष्ट. मी मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं, तर तांबूस दगडावर तांबूस काहीतरी. तिथे विंचू आहे हे माहीत असूनही नजर ठरेना. पुन्हा ती जांभळी बॅटरी, आणि पुन्हा तो झळाळता जीव.

नोटा तपासायला दुकानदार वापरतात तीच ही बॅटरी. तिच्यातून येणारा बराचसा प्रकाश आपल्याला दिसतच नाही. तो अतिनील असतो. विंचवाच्या कवचातली काही द्रव्यं हा प्रकाश गिळतात आणि आपल्या डोळ्याला कळेल अशा हिरव्या-निळ्या रंगात परत करतात. विंचवाचे अभ्यासक रात्री याच उजेडात त्यांना शोधतात. कोकणात ही नुसती गंमत नाही. इथल्या लाल विंचवाचा दंश हृदयावर घाला घालतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध त्यावर गुणकारी ठरतं हे दाखवून दिलं. त्यांचं हे काम ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात पोचलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. त्याआधी या भागात विंचू चावला की घरातली माणसं रात्रभर उशाशी जागी राहत.

त्या रात्री गडग्यापाशी उभी असताना एकच विचार मनात घोळत राहिला. जे माझ्या डोळ्याला दिसत नाही, त्याची साक्ष आज या विंचवाच्या कवचाने दिली. मग माझ्या रोजच्या जगण्यात असे आणखी साक्षीदार कोण कोण आहेत?

पारा आणि चांदी

शाळेत आपण सगळ्यांनी सप्तरंग घोकले: तानापिहिनिपाजा. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत. पाठांतराचा तोटा एवढाच, की ‘ता’पाशी प्रकाश सुरू होतो आणि ‘जा’पाशी संपतो असं मनात पक्कं बसतं. प्रत्यक्षात तिथे आपल्या डोळ्याची हद्द संपते. प्रकाशाच्या लहरींची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या लहरी दिसतात. त्याहून लांब लहरी अवरक्त आणि त्याहून आखूड त्या अतिनील.

ही हद्द पहिल्यांदा ओलांडली ती १८०० साली, विल्यम हर्शेल यांनी. युरेनस शोधणारे हे खगोलशास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये सूर्याचं निरीक्षण करत होते आणि डोळा भाजू नये म्हणून दुर्बिणीला रंगीत काचा लावून पाहत होते. काही काचांतून उजेड कमी येई पण ऊब जास्त, काहींतून उलट. कोणता रंग किती तापवतो हे पाहायला त्यांनी लोलकातून आलेल्या रंगांच्या पट्ट्यात तापमापी ठेवल्या. जांभळ्यापासून तांबड्याकडे जाताना पारा चढत गेला. मग त्यांनी तापमापी तांबड्याच्याही बाहेर, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे सरकवली, आणि पारा तिथे सगळ्यात वर गेला.

ही बातमी जर्मनीत येना इथे योहान विल्हेल्म रिटर या चोविशीतल्या संशोधकाने वाचली. निसर्गात सगळ्याला दोन टोकं असतात अशी त्याची श्रद्धा होती. तांबड्याच्या बाहेर काही असेल तर जांभळ्याच्या बाहेरही असलंच पाहिजे. तिथे तापमापीचा उपयोग नव्हता, म्हणून १८०१ साली त्याने सिल्व्हर क्लोराइड वापरलं. हा चांदीचा क्षार उजेडात काळवंडतो. जांभळ्यापलीकडच्या अंधारात तो सगळ्यात लवकर काळा पडला.

दोघांना जे सापडलं ते दोघांपैकी कुणालाही दिसलं नव्हतं. एकाला पाऱ्याने सांगितलं, दुसऱ्याला चांदीने. न दिसणाऱ्या प्रकाशाचा व्यवहार तेव्हापासून याच रीतीने चालतो: मध्ये कुणीतरी साक्षीदार हवा, आणि त्याची साक्ष वाचता आली पाहिजे. गेलं वर्षभर मी हे साक्षीदार हुडकत फिरले. फार लांब जावं लागलं नाही.

भिंतीच्या आत

टीव्हीचा रिमोट हातात घ्या. पुढच्या टोकाच्या छोट्या दिव्याकडे बघत बटण दाबा. काही दिसणार नाही. आता मोबाइलचा सेल्फी कॅमेरा त्याच्यावर धरा. बहुतेक फोनवर फिकट जांभळा उजेड लुकलुकताना दिसेल. दिव्यातून येतात त्या ९४० नॅनोमीटरच्या आसपासच्या अवरक्त लहरी. कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला त्या कळतात, आपल्या नेत्रपटलाला नाही. घरातल्या ऊन-दिव्यांच्या गर्दीत टीव्हीने गोंधळू नये म्हणून हा दिवा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा उघडझाप करतो. तेवढ्याच तालाची उघडझाप टीव्ही ओळखतो, बाकीचा प्रकाश सोडून देतो.

आमच्याकडे इंटरनेटची लाइन बंद पडली तेव्हा दुरुस्तीला आलेला मुलगा केसाएवढी काचेची तार सोलून बसला होता. मी वाकून बघायला गेले तर तो चटकन म्हणाला, “ताई, त्या टोकाला डोळा लावू नका. लाइट असला तरी दिसणार नाही, पण डोळ्यात जाईल.” मग त्याने खिशातून पेनासारखं एक यंत्र काढलं. “लाल लाइट मारून बघतो.” त्याने दुसऱ्या टोकाकडून तारेत लाल प्रकाश सोडला, आणि जिन्याच्या वळणावर तार दुमडली होती तिथे ती लालबुंद उजळली. दोष सापडला.

त्या मुलाच्या कामाचं सारच त्यात होतं. तारेतून रोज वाहणारा प्रकाश अवरक्त असतो, घरोघरच्या जोडण्यांत साधारण १३१० आणि १४९० नॅनोमीटरचा. लांब पल्ल्याच्या तारांमध्ये १५५० च्या आसपासचा. शुद्ध काच या लहरींना इतकी पारदर्शक असते की १५ किलोमीटर गेल्यावरही जवळपास निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरवर संदेश पाठवता येईल, हे १९६६ साली मांडणाऱ्या चार्ल्स काओ यांना २००९ चं नोबेल मिळालं. मुलाच्या, भाचीच्या परदेशातून येणाऱ्या व्हिडिओ कॉलमधला चेहरा आपल्यापर्यंत येतो तो बहुतेक वाट अवरक्त होऊनच.

स्वयंपाकघरात दुसरं टोक आहे. पाणी शुद्ध करायच्या यंत्रात एक छोटी नळी असते. तिच्यातली पाऱ्याची वाफ २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडते. जिवाणू-विषाणूंच्या गुणसूत्रांतले शेजारशेजारचे दुवे तो एकमेकांना चिकटवून टाकतो. ते मग दुणावू शकत नाहीत, म्हणजे पोटात गेले तरी आजार पसरवू शकत नाहीत. गंमत अशी की छतावरच्या जुन्या ट्यूबलाइटमध्येही हीच पाऱ्याची वाफ आणि हाच अतिनील प्रकाश असतो. तिथे आतल्या बाजूला दिलेला पांढरा लेप तो प्रकाश गिळून पांढरा उजेड देतो. यंत्रातल्या नळीला लेप नसतो, आणि साधी काच हा प्रकाश अडवते म्हणून ती क्वार्ट्झची असते.

इथेच साक्षीदार ओळखण्यात चूक होते. नळीतून निळसर उजेड दिसतो आणि आपण समजतो, यंत्र चालू आहे. तो निळा उजेड जंतू मारणारा नव्हे. वापराने नळीतला अतिनील प्रकाश मंदावत जातो, तरी निळाई तशीच राहते. क्वार्ट्झवर क्षारांचा थर बसला किंवा पावसाळ्यात पाणी गढूळ आलं, तर किरण पाण्यात पोचतच नाहीत. म्हणून नळी ठरल्या मुदतीत बदलावी लागते, ती जळत असली तरी. आणि या किरणांचं काम पाणी नळीपुढून जातं तेवढ्यापुरतंच. पुढे ते अस्वच्छ माठात भरलं तर त्याची राखण करायला कुणी नाही.

नोट आणि धुणं

त्याच बोटाएवढ्या बॅटरीने मी घरातल्या नोटा तपासल्या. अंधारात आकड्यांचा पट्टा चमकला, कागदात विखुरलेले रंगीत तंतू तुकड्यातुकड्यांनी उजळले. कागद स्वतः मात्र काळोखा राहिला, आणि ती मोठी खूण आहे. बाजारातल्या पांढऱ्या कागदात शुभ्रता आणणारी द्रव्यं घातलेली असतात; अतिनील प्रकाशात तो निळा लखलखतो. नोटेचा कागद कापसाचा, त्यात ही द्रव्यं नसतात. नाशिक रोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांचं पोट त्या छापखान्यावर चाललं आहे, पण नोटेवरची ही अदृश्य लिपी आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलेली असते.

मग सहज दोरीवरच्या कपड्यांवर उजेड टाकला. पांढरा सदरा निळ्या ज्योतीसारखा पेटला. धुण्याच्या पावडरीतही तीच शुभ्र करणारी द्रव्यं असतात. उन्हातला अतिनील प्रकाश घेऊन ती निळा प्रकाश परत करतात, आणि कपड्याची पिवळट झाक झाकली जाते. आई निळीच्या पाण्यात कपडे बुडवायची तेव्हाही पिवळ्यावर निळ्याची मात करत होती. फरक इतकाच की नीळ हा रंग असतो आणि पावडरीतलं द्रव्य उजेड देतं. खिशात राहून धुतली गेलेली खरी नोटही त्यामुळे या बॅटरीखाली निळसर दिसू शकते. केवळ तेवढ्यावरून तिला खोटी म्हणणं म्हणजे एका साक्षीवर निकाल देणं.

बोटावरची साक्ष

२०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या साथीत, घरोघरी एकच प्रश्न होता: “ऑक्सिजन किती दाखवतंय?” बोटाला लावायचा तो चिमटा आपण तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्याचं मूळ जपानमध्ये आहे. ताकुओ आओयागी हे निहोन कोडेन या कंपनीतले अभियंता कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून हृदयातून किती रक्त वाहतं ते मोजायच्या खटपटीत होते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला मोजणीत चढउतार येई आणि सगळं बिघडे. तो काढून टाकायच्या प्रयत्नात त्यांच्या लक्षात आलं की हा चढउतारच कामाचा आहे. ठोक्यागणिक बदलतं ते फक्त धमनीतलं रक्त. कातडी, हाड, नख बदलत नाहीत. १९७४ मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली.

चिमट्यात दोन दिवे असतात. एक ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा, जो आपल्याला दिसतो, आणि एक ९४० चा अवरक्त, जो दिसत नाही. प्राणवायूने भरलेलं रक्त अवरक्त प्रकाश जास्त शोषतं, प्राणवायू नसलेलं तांबडा. दोन्हींच्या हिशेबातून तो टक्क्यांचा आकडा येतो. आओयागी यांचं निधन एप्रिल २०२० मध्ये झालं, महासाथ जगभर पसरत असतानाच. ज्या यंत्राकडे जग डोळे लावून बसलं होतं त्याचा जनक त्या दिवसांत गेला, हे आपल्याकडे कितीजणांना कळलं?

या साक्षीलाही मर्यादा आहेत. थंड बोटं, मेंदी, नखांना लावलेला रंग यांनी आकडा चुकतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चिमटा ठीक आकडा दाखवत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात धोक्याच्या पातळीखाली गेलेला असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. कातडीतलं रंगद्रव्य प्रकाशाच्या वाटेत येतं. सावळ्या माणसांच्या देशात ही गोष्ट प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर असायला हवी. दम लागलेला माणूस समोर असताना आकडा चांगला आहे म्हणून त्याला परत पाठवू नये.

तेच रंगद्रव्य दुसरीकडे अवरक्तापुढे हरतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली ‘आधार’ कार्डं दिली गेली. आधारच्या नोंदणीत डोळ्याच्या बाहुलीभोवतीच्या पडद्याची प्रतिमा घेतात ती अवरक्त प्रकाशात. आपले काळेभोर डोळे साध्या उजेडात एकसलग गडद दिसतात. अवरक्तात त्यांचे धागेदोरे, खाचा, वळणं उमटतात. प्रत्येकाच्या डोळ्यातली ती नक्षी वेगळी असते.

कातडीची उशिराची तक्रार

अदृश्य प्रकाशाला माणसाने औषध म्हणून वापरलं ते त्याला नाव मिळण्याच्या फार आधी. कोडावर बावचीचं बी लावून उन्हात बसायचं, हा आयुर्वेदातला जुना उपचार. बावचीत सोरालेन नावाचं द्रव्य असतं आणि उन्हातला अतिनील प्रकाश पडला की ते कातडीत कामाला लागतं. नाईलकाठी उगवणाऱ्या एका रानझाडातही याच कुळातलं द्रव्य असतं. १९४० च्या दशकात इजिप्तमधले त्वचारोगतज्ज्ञ अब्देल मोनेम अल मोफ्ती यांनी ते शुद्ध रूपात वापरून कोडावर उपचार केले. पुढे सोरालेन आणि अतिनील दिव्याची जोडी जगभरच्या दवाखान्यांत पोचली. आता कोड आणि सोरायसिससाठी ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातला प्रकाश जास्त वापरतात. त्याला सोरालेनची गरज लागत नाही. मात्रा मात्र सेकंदांत मोजतात. घरच्या घरी बावची चोळून उन्हात बसणाऱ्यांच्या अंगावर फोड उठतात, ते यामुळेच. आधीच लोकांच्या नजरा झेलणाऱ्या माणसाला भाजल्याचे डाग आणखी कशाला?

अतिनील प्रकाशाची अवघड बाजू हीच, की तो लागतो तेव्हा कळत नाही. रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात पोरगा काच न धरता टाके मारत असतो. दुपारी त्याला काहीच होत नाही. मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन तो उठून बसतो. “वेल्डिंग लागलं” म्हणतात ते हेच. बुबुळावरचा पारदर्शक पापुद्रा उन्हाने कातडी भाजावी तसा भाजलेला असतो. सहसा एकदोन दिवसांत तो भरून येतो, पण हे वरचेवर होणं डोळ्याला परवडणारं नाही. शेजारी उभं राहून बघणाऱ्या लहान मुलालाही तेवढंच लागतं. तिथे हातातली काळी काच हाच डोळा.

उलट चूकही आपण करतो. खिडकीच्या बंद काचेआड बसून कोवळं ऊन खातो आणि ‘ड’ जीवनसत्त्व मिळालं असं मानतो. काच ऊब आत सोडते. ते जीवनसत्त्व घडवणारा अतिनील भाग मात्र बाहेरच राहतो. ऊब लागली म्हणजे सगळं ऊन लागलं असं नाही.

ढग आणि नारळ

जुलैतल्या रात्री बातम्यांत दिसणारं ढगांचं चित्र आठवा. रात्री उपग्रहाला ढग दिसतात कसे? उपग्रह ऊब पाहतो. पृथ्वीवरची प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार अवरक्त प्रकाश सोडत असते. समुद्र, डोंगर, ढग, आपण स्वतःही. सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून इन्सॅट उपग्रह तो मोजतात. ढगाचा माथा जितका थंड, तितका तो उंच. त्या चित्रात तो जास्त पांढरा दाखवतात. २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस हा या घराण्यातला अलीकडचा.

सह्याद्री मात्र या साक्षीदाराला चकवतो. घाटमाथ्यावर समुद्राचा वारा डोंगर चढतो आणि फार उंच न गेलेल्या ढगांतूनही धो धो पाऊस पाडतो. त्या ढगांचे माथे तितके थंड नसतात, म्हणून अवरक्त चित्रावरून केलेला पावसाचा अंदाज तिथे कमी पडतो. म्हणून गावातलं पर्जन्यमापक आणि रडार यांना पर्याय नाही. घाटाखाली राहणाऱ्या माणसाच्या जिवाशी याचा संबंध आहे.

पिकाची तब्येतही अवरक्तात कळते. निरोगी पान दृश्य प्रकाश बराच गिळतं, पण अवरक्त परतवून लावतं. पानाच्या आतली घडी बिघडली की हे परतवणं कमी होतं, बऱ्याचदा पान डोळ्याला पिवळं दिसायच्या आधीच. १९७० साली पी. आर. पिशरोटी यांच्या पुढाकाराने केरळात नारळाच्या मूळरोगाची अवरक्त फिल्मवर आकाशातून छायाचित्रं घेतली गेली. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात तिथून मानतात. हेच पिशरोटी पुण्यातल्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक होते. आज शेतावरून फिरणारे ड्रोन पानांचा जो हिशेब मांडतात, त्याची वंशावळ त्या नारळाच्या बागांपर्यंत जाते.

चपला झटकून

या दिवाळीत पुन्हा मामीकडे गेले. पणत्या लावून झाल्या. पणतीच्या ज्योतीतून येणारा बराचसा प्रकाशही अवरक्तच असतो. दिसतो तो थोडा, हाताला ऊब म्हणून कळतो तो जास्त. नातू बॅटरी घेऊन तयारच होता. यंदा त्याला एक नवी गोष्ट सांगायची होती, मी वाचून आलेली.

“विंचू कात टाकतो ना,” मी म्हटलं, “तेव्हा त्याचं नवं कवच मऊ असतं. ते घट्ट होईपर्यंत तुझ्या बॅटरीत तो चमकत नाही.”

तो थबकला. “म्हणजे बॅटरीत काही दिसलं नाही, तरी तिथे विंचू असू शकतो?”

“असू शकतो.”

त्याने बॅटरी बंद केली, खाली वाकला, आणि पायरीवर आधी माझ्या, मग स्वतःच्या चपला दोनदा झटकल्या.